छेडछाडीला दाद न देणारं पायथन कोडं कसं रचायचं

इतर प्रोग्रामरांसाठी पायथनमध्ये कोडं रचायला बसलेल्या नवख्याचा पहिला प्रोग्राम बहुधा असा असतो: उत्तर विचारायचं, ते बरोबर असेल तर ‘अभिनंदन’ छापायचं, नसेल तर ‘पुन्हा प्रयत्न करा’. असं कोडं कोणी सोडवत बसत नाही, सरळ फोडतात. फाइल उघडली, तुलनेची ओळ वाचली, झालं. मग रचणारा उत्तर लपवायला लागतो, सोडवणारा ते शोधून काढतो, आणि मूळ कोड्यातली गंमत, गणित, तर्क सगळं बाजूला राहतं.

या लेखातली पद्धत लपवाछपवीवर अजिबात अवलंबून नाही. प्रोग्रामची प्रत्येक ओळ उघडी ठेवा, हवी तशी बदलू द्या, तरी कोडं सोडवल्याशिवाय आतला संदेश हाती लागणार नाही. यासाठी पायथनचं मधल्या पातळीचं ज्ञान पुरतं. जे लागतं ते सगळं पायथनच्या मूळ लायब्ररीत आहे.

१. सगळं सोडवणाऱ्याच्या हातात आहे, हे धरून चाला

तुमची फाइल त्याच्या संगणकावर चालणार आहे. तिथला इंटरप्रिटर त्याचा, मेमरी त्याची, वेळही त्याचाच. ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली लष्करी सांकेतिक लिपींविषयी लिहिताना एक अट मांडली होती: यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. कोडं रचणाऱ्याने ही अट जशीच्या तशी उचलावी. आपल्या बाबतीत किल्ली म्हणजे कोड्याचं उत्तर.

मोजमापही इथेच ठरवून टाका. फोडण्याचे कष्ट सोडवण्याच्या कष्टांपेक्षा स्पष्टपणे जास्त असले, की कोडं पक्कं झालं. जगात कोणालाच फुटू नये असा हट्ट धरण्याची गरज नाही.

२. आधी स्वतःच फोडून बघा

समजा तुमच्या प्रोग्राममध्ये उत्तर उघडं लिहिलेलं नाही, फक्त त्याचा शा-२५६ हॅश आहे, म्हणजे त्या मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा. दिलेल्या उत्तराचा हॅश काढायचा, साठवलेल्या हॅशशी जुळला तर बक्षिसाचा संदेश दाखवायचा. नवख्याला इथे हायसं वाटतं, कारण हॅशवरून उत्तर उलटं काढता येत नाही. पण सोडवणाऱ्याला उत्तर कशाला हवंय? तो ‘बरोबर असेल तर’ या अटीचं ‘बरोबर नसेल तर’ करतो, आणि कोणत्याही चुकीच्या उत्तराला संदेश हजर होतो. संदेश तर फाइलमध्येच पडून होता!

स्रोत न देता नुसती पीवायसी फाइल, म्हणजे इंटरप्रिटर थेट चालवू शकेल अशा बाइटकोडमध्ये बदललेला प्रोग्राम, दिला तर? पायथन ३.७ पासून या फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटचं शीर्षक असतं. ते सोडून उरलेला भाग मार्शल मॉड्यूलने वाचला, की कोड ऑब्जेक्ट हातात येतो. त्यातल्या स्थिरांकांच्या यादीत तुमचे सगळे मजकूर ओळीने उभे असतात, आणि डिस मॉड्यूल प्रत्येक सूचना उलगडून दाखवतं. शिवाय बाइटकोड आवृत्तीगणिक बदलतो, त्यामुळे वेगळी आवृत्ती वापरणाऱ्या प्रामाणिक माणसाकडे तुमची फाइल सुरूच होणार नाही. त्रास त्याला, फोडणाऱ्याला नाही.

असर्टवर विसंबून तपासणी लिहिली असेल, तर पायथनला मोठ्या ‘ओ’चा पर्याय देऊन चालवताच सगळे असर्ट गळून पडतात. फंक्शनच्या आत दडवलेलं चल क्लोजरच्या सेलमधून वाचता येतं. चालू प्रोग्राममध्ये एखाद्या फंक्शनचं कोड ऑब्जेक्ट काढून दुसरं बसवता येतं. हॅशलिबमधलं हॅशचं फंक्शनच बदलून टाकता येतं. पायथन असा मोकळाढाकळा आहे म्हणून तर आपल्याला आवडतो. त्या मोकळेपणाशी झगडू नका. हे सगळे हल्ले स्वतःच्या कोड्यावर एकेक करून खरोखर करून बघा. एक संध्याकाळ त्यात गेली तरी चालेल, पुढच्या पायरीचं महत्त्व मग वेगळं सांगावं लागत नाही.

३. उत्तर तपासू नका, उत्तराने संदेश उघडा

सगळ्या लेखात नीट वाचायची पायरी हीच.

एमआयटीचे रॉन रिव्हेस्ट यांनी १९९९ साली एक कोडं जाहीर केलं होतं. एक प्रचंड संख्या, आणि २ या संख्येपासून सुरू करून पुन्हापुन्हा वर्ग करत जायची आज्ञा. हे वर्ग एकामागून एकच करावे लागतात, काम वाटून घेता येत नाही. हिशेब पुरा व्हायला सुमारे ३५ वर्षं लागतील अशी त्यांची अपेक्षा होती. बर्नार्ड फाब्रो या बेल्जियमच्या प्रोग्रामरने ते २०१९ साली सोडवलं. आपल्या कामाची गोष्ट या कोड्याच्या रचनेत आहे. शेवटी जी संख्या मिळते, तिची एक्सऑर क्रिया (बिटाबिटाने चालणारी, पुन्हा केली की मूळ परत देणारी) दिलेल्या आकड्याशी केली की संदेश दिसतो. कुठेही ‘बरोबर असेल तर’ नाही. उलटवायला अटच नाही, तर उलटवणार काय?

आपण हेच लहान प्रमाणात करायचं. दोन वेगळे प्रोग्राम लिहा. पहिला रचणाऱ्याचा, जो कधीच बाहेर जात नाही. दुसरा सोडवणाऱ्याला द्यायचा.

रचणाऱ्याचा प्रोग्राम असं करतो. सीक्रेट्स मॉड्यूलकडून १६ यादृच्छिक बाइट घेतो, हे झालं मीठ (सॉल्ट), म्हणजे उत्तरात मिसळायचे यादृच्छिक बाइट. खरं उत्तर आणि मीठ हॅशलिबच्या स्क्रिप्ट (scrypt) या मुद्दाम संथ केलेल्या फंक्शनला देतो. हिशेब किती जड असावा हे ठरवणाऱ्या त्याच्या आकड्यांत एन ची किंमत १६३८४, आर ८ आणि पी १ ठेवा. एका हिशेबाला सुमारे १६ एमबी मेमरी लागते आणि साधारण संगणकावर सेकंदाचा छोटा अंश जातो. या फंक्शनकडून काही न सांगता ६४ बाइट मिळतात, त्यांचे दोन तुकडे करा. पहिले ३२ बाइट शेक-२५६ ला (हव्या तेवढ्या लांबीचा हॅश देणाऱ्या फंक्शनला) देऊन संदेशाच्या लांबीइतका बाइटप्रवाह काढा आणि संदेशाच्या बाइटांशी त्याची एक्सऑर करा. उरलेले ३२ बाइट एचमॅकची (किल्ली आणि हॅश मिळून खूण काढणाऱ्या पद्धतीची) किल्ली म्हणून वापरा आणि एक्सऑर झालेल्या मजकुराची खूण काढा. मीठ, बंद मजकूर आणि खूण, या तीनच गोष्टी सोडवणाऱ्याच्या फाइलमध्ये जातात. तिन्ही उघड्या असल्या तरी बिघडत नाही.

सोडवणाऱ्याचा प्रोग्राम तोच रस्ता उलटा चालतो: उत्तर घ्या, त्याच मिठाने ६४ बाइट काढा, खूण जुळते का बघा, जुळली तर एक्सऑर करून संदेश दाखवा. इथे खूण जुळते का ही अट आहे, हे खरं. ती कोणी उलटवली तर काय होईल? चुकीच्या किल्लीने उघडलेला कचरा पडद्यावर येईल, एवढंच. ती अट चुकीचं उत्तर देणाऱ्याला नीट शब्दांत ‘नाही’ सांगण्यासाठी आहे, राखणीसाठी नाही. हॅशचं फंक्शन बदलणाऱ्याच्या हातीही कचराच लागतो, कारण खरी किल्ली फाइलमध्ये कुठेच नाही.

संदेशात नुसतं ‘शाब्बास’ ठेवू नका. सीक्रेट्सने बनवलेला ३२ अक्षरांचा षोडशमान मजकूर आत घाला. सोडवणाऱ्याने तो तुम्हाला कळवला की त्याने कोडं सोडवलं याचा पुरावा झाला. तो अंदाजाने येऊ शकत नाही.

दोन मोह टाळा. रँडम मॉड्यूलला उत्तराचं बीज देऊन त्याच्या आकड्यांनी संदेश झाकायचा पहिला. त्यामागचं मर्सेन ट्विस्टर गुप्ततेसाठी बनलेलं नाही, सलग ६२४ पूर्ण आकडे मिळाले की पुढचे सगळे सांगता येतात. शिवाय त्या मॉड्यूलमधली बरीच फंक्शनं आवृत्ती बदलली की तेच आकडे देतील याची हमी नसते. दुसरा मोह पायथनचं अंगभूत हॅश फंक्शन वापरण्याचा. मजकुराच्या बाबतीत ३.३ पासून ते दर वेळी प्रोग्राम सुरू केला की वेगळा आकडा देतं, म्हणून तुमचं कोडं तुमच्याकडेच दुसऱ्यांदा उघडणार नाही.

ही रचना कोड्यासाठी आहे. खरी गुपितं राखायला क्रिप्टोग्राफी लायब्ररीतलं फर्नेट किंवा तसंच तपासून घेतलेलं साधन वापरा.

४. अंदाजाने किती प्रयत्नांत सापडेल?

आता एक खरं कोडं घेऊ. देवळालीचे गणितशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये दाखवलेली ६१७४ ची गोष्ट अनेकांना माहीत असते. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावून येणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने लावलेली वजा करा, आणि हेच करत राहा. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतेच. म्हणून कोडं विचारलं: बरोबर ७ पायऱ्या लागणाऱ्या संख्या किती?

प्रश्न छान आहे, पण उत्तर १०,००० च्या आतलं हे उघड आहे. सोडवणारा कापरेकरांना हातही न लावता शून्यापासून एकेक आकडा देत जाईल. स्क्रिप्टचा वेग मंद असला तरी दहा हजार प्रयत्न काही मिनिटांचं काम आहे. संदेश उघडण्याची पद्धत कितीही भक्कम असो, उत्तरच लहान असेल तर उपयोग नाही. चार अंकी पिन, तारीख, गावाचं नाव, शब्दकोशातला एखादा शब्द, ही सगळी लहान उत्तरं. शब्दांच्या तयार याद्या सगळ्यांकडे असतात.

उपाय असा की उत्तर एका आकड्याचं ठेवू नका. १ पायरी लागणाऱ्या किती, २ लागणाऱ्या किती, असे सातही आकडे मधे आडवी रेघ देऊन एका ओळीत मागा. पण अजून एक छिद्र राहतं. पूर्ण १०,००० संख्यांसाठीचं हे वाटप छापून आलेलं आहे, कोणीही शोधून चिकटवेल. म्हणून प्रश्नाचा माल आपला हवा. सीक्रेट्सने निवडलेल्या ५,००० संख्यांची यादी फाइलमध्ये द्या आणि त्या यादीपुरते सात आकडे मागा. चलाख माणूस सरासरीवरून अंदाज बांधेल, तरी शक्यता शेकडो अब्जांच्या घरात उरतात, आणि या वेगाने त्या तपासायला एका संगणकाला शेकडो वर्षं लागतील. खरं सोडवायला मात्र पंधरा-वीस ओळींचा प्रोग्राम पुरे. फोडण्यापेक्षा सोडवणं स्वस्त, हा हिशेब इथे जमला.

यादी प्रत्येकाला वेगळी दिली तर उत्तराची नक्कलही थांबते. एरिक वास्टल यांच्या ॲडव्हेंट ऑफ कोड या २०१५ पासून दर डिसेंबरात चालणाऱ्या उपक्रमात प्रश्न सर्वांना एक, पण सहभागींचा इनपुट वेगवेगळा असतो. रचणाऱ्याचा प्रोग्राम आपण वेगळा ठेवलाच आहे, तो नावागणिक एकदा चालवला की नवी फाइल तयार.

५. बरोबर उत्तर एकाच प्रकारे लिहिता आलं पाहिजे

हॅशला ‘जवळपास बरोबर’ कळत नाही. उत्तरात एक जास्तीची मोकळी जागा आली तरी किल्ली पूर्ण बदलते, आणि बरोबर उत्तर काढलेला माणूस डोकं धरून बसतो. छेडछाडीइतकीच ही बाजू महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

कापरेकरांच्याच कोड्यात बघा. शून्याने सुरू होणाऱ्या संख्या धरल्या तर ७ पायऱ्यांच्या संख्या २१८४ येतात, न धरल्या तर १९८० येतात. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत, संदिग्ध आहे तो प्रश्न. मधल्या पायऱ्यांतही हेच. २१११ मधून १११२ गेले की ०९९९ उरतात. पुढचं शून्य टाकलं तर ९९९ वजा ९९९ होऊन सगळं शून्यावर थांबतं. शून्य राखलं तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि पाचव्या पायरीला ६१७४. म्हणून नियम शब्दांत लिहा आणि सोबत चार-पाच संख्यांची नमुना यादी तिच्या उत्तरासह द्या. नमुना उत्तर पाहून माणूस आपला प्रोग्राम पडताळून बघतो आणि निर्धास्तपणे खऱ्या यादीकडे वळतो.

उत्तर मराठी शब्दात असेल तर जास्त सांभाळा. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. एका कळफलकावरून नुक्त्याचा ऱ आणि हलन्त येतो, दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. युनिकोडडेटा मॉड्यूलच्या एनएफसी रूपाने र अधिक नुक्ता यांचा एक ऱ होतो, पण जॉइनरचा प्रकार तसाच राहतो. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी एनएफसी, मग र-हलन्त-जॉइनर या तिघांच्या जागी ऱ-हलन्त, मग उरलेले अदृश्य जोडक काढून टाका, शेवटी दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटा. हा क्रम रचणाऱ्याच्या आणि सोडवणाऱ्याच्या प्रोग्राममध्ये अक्षरशः एकच फंक्शन म्हणून असू द्या. आकड्यांची उत्तरं मात्र सोपी, पायथनचं इंट फंक्शन देवनागरी अंकही वाचतं.

६. टप्पे जोडा

एका टप्प्याचा संदेश हाच पुढच्या टप्प्याचा प्रश्न करा. पहिल्या उत्तराने उघडलेल्या मजकुरात दुसरी यादी किंवा दुसरा इशारा येतो, आणि दुसऱ्या टप्प्याची किल्ली दोन्ही उत्तरं जोडून बनते. मग थेट तिसऱ्यावर उडी मारता येत नाही. तीन टप्पे पुष्कळ झाले. त्याहून लांब साखळी करायची तर प्रत्येक टप्प्यात खरोखर नवी कल्पना हवी, नाहीतर माणूस कंटाळतो.

७. पांघरुणं घालू नका

बेस-६४ मध्ये गुंडाळून एक्झेकने चालवलेला प्रोग्राम पाहिला की अनुभवी माणूस एक्झेकच्या जागी प्रिंट लिहितो, आणि एकेक थर आपोआप सुटतो. पायइन्स्टॉलर या, प्रोग्रामची स्वतंत्र चालणारी फाइल बनवणाऱ्या साधनाने बांधलेली फाइलही उलगडता येते. त्यातली बाइटकोड कूटबद्ध करण्याची सोय ६.० या आवृत्तीत काढूनच टाकली. ट्रेस चालू आहे का हे तपासून डीबगर अडवणारी ओळ दुसऱ्याच मिनिटाला पुसली जाते, आणि तोवर संपादकातून प्रोग्राम चालवणारे निरपराध लोक अडकतात.

फाइलने स्वतःचाच हॅश काढून तो किल्लीत मिसळावा, ही कल्पना ऐकायला आकर्षक आहे. प्रत्यक्षात फोडणारा मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून तिचा हॅश पुरवतो. त्याच वेळी विंडोजवर गिटने ओळींच्या शेवटाची खूण बदलली की प्रामाणिक माणसाची फाइल ‘छेडलेली’ ठरते.

याहून मोठं कारण विश्वासाचं आहे. अनोळखी माणसाचा गुंडाळलेला प्रोग्राम चालवणं धोक्याचं असतं, आणि ज्यांनी तुमचं कोडं सोडवावं असं तुम्हाला वाटतं ते लोक हे जाणतात. तुमची फाइल वाचता आली पाहिजे. तिने नेटवर जाऊ नये, दुसऱ्या फाइलींना हात लावू नये.

प्रोग्राम वाचून त्याचं वागणं उमगणं हाच जिथे प्रश्न असतो, ती कोडी वेगळी. तिथे किचकट फंक्शन मुद्दाम लिहितात, ते योग्यच आहे. फक्त तुमच्या अटी साध्या समीकरणांच्या असतील तर झेड-३ सारखा सॉल्व्हर त्या क्षणात सोडवेल, आणि तसं सोडवणं पूर्णपणे न्याय्य मानावं.

८. उत्तर तुमच्या सर्व्हरवर घ्यायचं असेल तर

मग बरंच सोपं होतं, कारण गुपित सोडवणाऱ्याकडे जातच नाही. प्रयत्नांवर मर्यादा घाला आणि तुलनेला एचमॅक मॉड्यूलचं कंपेअर-डायजेस्ट वापरा. उत्तर नेहमी साध्या मजकुरात घ्या. पायथनचा ऑब्जेक्ट घेतलात, तर कोणीतरी समानतेची पद्धत अशी लिहून आणेल की तो ऑब्जेक्ट कशाशीही समान ठरेल.

दुसऱ्याचा प्रोग्राम तुमच्याकडे चालवायचा असेल तर पायथनच्या आत कुंपण घालण्याचा विचार सोडा. अंगभूत फंक्शनं काढून घेतलेल्या इव्हॅलमधूनही रिकाम्या टपलच्या वर्गावरून मूळ वर्गापर्यंत आणि तिथून सगळ्या उपवर्गांपर्यंत पोचता येतं. असंच कुंपण घालणारं पायथनचं स्वतःचं रेक्सेक मॉड्यूल असुरक्षित म्हणून २.३ मध्ये बंद झालं. पायसँडबॉक्स हे तसंच दुसरं कुंपण लिहिणारे व्हिक्टर स्टिनर यांनी २०१३ साली आपला प्रकल्प मुळातच मोडका असल्याचं जाहीर केलं. कुंपण ऑपरेटिंग सिस्टिमचं हवं: वेगळा कंटेनर, नेट बंद, वेळ आणि मेमरी मोजकी.

९. पाठवण्याआधी

लिनक्स, विंडोज आणि मॅक, आणि पायथनच्या निदान दोन आवृत्त्या, यांवर एकदा उघडून बघा. स्क्रिप्टचा एन वाढवून ३२७६८ केलात तर मेमरीची ठरलेली मर्यादा ओलांडल्याची चूक येते. तेव्हा मॅक्समेम हाताने वाढवून द्यावं लागतं. एखाद्या पायथनमध्ये हे फंक्शन नसतंच. तशा लोकांचा विचार असेल तर सुरुवातीपासूनच पीबीकेडीएफ-२ हे हॅशलिबमधलं दुसरं संथ फंक्शन घ्या आणि फेऱ्या ६,००,००० ठेवा.

मग एका मित्राला फाइल द्या, पण प्रश्न समजावून सांगू नका. तो कुठे अडतो ते बघा. नियम समजण्यात अडला तर मजकूर सुधारा, विचारात अडला तर तसंच राहू द्या. दुसऱ्या मित्राला सांगा, सोडवू नकोस, फोडून दाखव. त्याला एक दिवस द्या.

रचणाऱ्याचा प्रोग्राम, खरं उत्तर आणि वापरलेलं मीठ जपून ठेवा. महिन्याभराने कोणीतरी ‘माझं उत्तर बरोबर आहे, तरी उघडत नाही’ असं कळवेल. तेव्हा त्याने दिलेला मजकूर बाइटबाइट करून आपल्या उत्तराशेजारी ठेवा. नव्याण्णव टक्के तिथे एखादी जास्तीची मोकळी जागा किंवा अदृश्य जोडक सापडेल. तो प्रकार पाचव्या पायरीच्या फंक्शनमध्ये घाला आणि फाइल नव्याने काढा.